एकविसावी खूण

स्वच्छ दिसणं आणि स्वच्छ असणं यांत किती अंतर असतं, हे तुम्ही कधी मोजून पाहिलं आहे का? मी पाहिलं आहे, कारण गेली सहा वर्षं माझं तेच काम आहे. हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर ऑपरेशन झालेल्या रुग्णांचा वॉर्ड आहे, बारा खाटांचा. त्या खाटा, त्यांचे कठडे, शेजारची छोटी कपाटं, घंटीची बटणं, नळ, दारांच्या मुठी हे सगळं खरोखर पुसलं गेलं आहे की नुसतंच ओलं झालं आहे, हे मी सांगायचं. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. शाळा संपली तिथे माझं शिक्षण संपलं. पुढे संसार, मुलीचं लग्न, आणि मग एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं म्हणून पंधरा दिवसांचं शिक्षण घेऊन ह्या कामाला लागले. वॉर्डात मला आकडेबाई म्हणतात, पूर्वी पाठीमागे म्हणायचे, आता तोंडावर म्हणतात.

मोजायच्या रीती दोन. एक मीटरची. टोकाला ओलसर कापूस असलेली काडी हाताच्या पंज्याएवढ्या जागेवर आडवी-उभी फिरवायची, तिच्या नळीत परत घालायची, दांडा दाबून नळी हलवायची आणि मीटरमध्ये ठेवायची. पंधरा सेकंदांत आकडा येतो. शंभराच्या आत असला तर पास, वर गेला तर पुन्हा पुसायचं. आकडा जंतूंचा नसतो, माणसाच्या हाताचा मळ, घाम, सांडलेलं काहीबाही, जे जे जिवंत गोष्टीतून आलं त्या सगळ्याचा मिळून असतो. जंतू कोणता, हे वेगळ्या काडीवर नमुना घेऊन लॅबला पाठवलं की दोन दिवसांनी कळतं.

दुसरी रीत खुणेची, आणि मला ती जास्त आवडते. एक बिनरंगाचं मलम असतं. शर्टाच्या बटणाएवढा ठिपका लावला की मिनिटभरात वाळतो आणि दिसेनासा होतो. ओल्या फडक्याने नीट पुसलं तर निघून जातो, आणि नाही पुसलं तर दुसऱ्या दिवशी जांभळ्या उजेडाच्या टॉर्चखाली निळा चमकून उठतो. दुपारी दोन वाजता रुग्ण झोपेला आले की मी वॉर्डातून फिरते आणि यादीतल्या वीस जागी वीस खुणा लावते. सकाळी सफाई झाली की नऊ वाजता पडदे ओढून, टॉर्च घेऊन त्याच वीस जागा पाहते. सफाईवाल्यांना जागा माहीत नसतात. चमकलं तर राहिलं, अंधार दिसला तर काम झालं. चमकण्यापेक्षा अंधाराला गुण देणारी मी एकटीच असेन, असं आमचे हे म्हणतात. त्यांना माझ्या कामाची भारी गंमत. जेवायला बसताना ताट पुढे ओढतात आणि गंभीरपणे विचारतात, "पास आहे ना गं?"

आता ज्या दोघींची ही गोष्ट आहे त्यांच्याबद्दल सांगते. त्या एकमेकींच्या जावा, म्हणून सगळा वॉर्ड त्यांना थोरली आणि धाकटी म्हणे. थोरली अठरा वर्षं ह्याच वॉर्डात सफाईला होती. फिनेल आणि ब्लीचमध्ये हात बुडवून बुडवून तिच्या बोटांच्या रेषा पार पुसल्या गेल्या होत्या, इतक्या, की हजेरीच्या यंत्रावर तिचा अंगठा कधी उमटलाच नाही. तिच्या एकटीसाठी दारात वही ठेवलेली असे. ह्याचं तिला वाईट वाटत नसे, उलट ऐटीत म्हणायची की यंत्राला माझी ओळख पटत नाही, तर नापास यंत्र झालं, मी नाही.

आठ महिन्यांपूर्वी वॉर्डात चार रुग्णांच्या जखमा चिघळल्या. चौघांतही एकच जंतू निघाला, म्हणजे तो एकाकडून दुसऱ्याकडे कशावरून तरी चालत जात होता. मला रोज खुणा लावून रोज अहवाल द्यायला सांगितलं. सलग सहा दिवस थोरलीच्या वीसपैकी तीन-तीन खुणा चमकत राहिल्या, त्याही खालच्या अंगाच्या, खाटेच्या दांड्याखालच्या. गुडघे धरल्यामुळे तिला वाकवत नव्हतं, हे मलाही दिसत होतं. पण कागदावर गुडघ्यासाठी रकाना नाही. मी खरं तेच लिहिलं. आठवड्याने तिला कामावरून कमी केलं. जाताना ती माझ्याशी भांडली नाही. फडकं पिळता पिळता एवढंच म्हणाली, "बाई, खुणा तुम्ही ठेवता तिथं राहतात. घाण मात्र हात जातो तिथं राहते."

मला ते तेव्हा रागाचं बोलणं वाटलं. कारण थोरली गेली आणि वॉर्डातलं चिघळणं थांबलं. ह्याहून सरळ पुरावा काय हवा? तिच्या जागी तिच्याच धाकट्या जावेला घेतलं, कारण माणूस लगेच हवं होतं आणि त्या घरालाही कामाची गरज होती. त्याच सुमाराला मुलीच्या बाळंतपणासाठी मी सहा आठवडे रजेवर गेले, माझं सामान कपाटात बंद करून. परत आले तेव्हा वॉर्ड ठणठणीत होता आणि धाकटी छान रुळली होती. ती बडबडी. मी पडदे ओढायला लागले की दारातून विचारायची, "आकडेबाई, आज वरच्या वर्गात घालताय की त्याच वर्गात बसवताय?" तिच्या वीसपैकी वीस खुणा गेलेल्या असत. एखाद्या दिवशी एकोणीस.

आणि तरीही दोन महिन्यांपूर्वी ते पुन्हा सुरू झालं. आधी तीन नंबरच्या खाटेवरचे आजोबा, मग सात, मग अकरा. जंतू एकच. वॉर्डाच्या मुख्य सिस्टर बोलायला तुटक, पण मनाने सरळ. त्यांनी मला टेबलाशी बोलावून सांगितलं, की वरून निरोप आहे. चौथा रुग्ण निघाला तर सफाईचं माणूस बदलायचं. मागच्या वेळी माणूस बदललं आणि थांबलं होतं, हे सगळ्यांना आठवत होतं. मी म्हटलं, हिच्या तर सगळ्या खुणा पुसलेल्या असतात. सिस्टर म्हणाल्या, ते मलाही दिसतं, पण मग येतंय कुठून ते तुम्ही शोधून द्या.

त्याच आठवड्यात एका सकाळी मी टॉर्च घेऊन फिरत असताना वीसच्या वीस जागा अंधाऱ्या निघाल्या, आणि एकविसावी चमकली.

पाच नंबरच्या खाटेच्या पायथ्याशी रुग्णाचा तक्ता लटकतो, त्याला दोऱ्याने बांधलेलं पेन असतं. त्या पेनावर, जिथे बोटं धरतात बरोबर तिथे, निळा ठिपका होता. पेन माझ्या यादीत नाही. मी तिथे खूण लावलेली नव्हती. मला वाटलं, आदल्या दिवशी माझ्याच हातून मलम लागलं असेल. पण जवळून पाहिलं तर ठिपका माझा नव्हताच. मी कापसाच्या काडीने लावते आणि लावताना काडी एकदा फिरवते, त्यामुळे माझ्या खुणेत बारीक वळसा उमटतो. ही खूण लांबट होती, कुणीतरी अंगठा टेकवावा तशी. मी सवयीने पेनावरून मीटरची काडी फिरवली. अकराशे चाळीस आला.

सिस्टर खूश झाल्या. सगळे डॉक्टर, सगळ्या नर्स दिवसभर ती पेनं हाताळतात आणि ती कधीच कुणी पुसत नाही, हे लक्षात आल्याबद्दल त्यांनी मला शाबासकी दिली. ती खूण माझी नव्हती, हे मी सांगितलं नाही. शाबासकी अंगावर आली की ती झटकायला धैर्य लागतं, आणि माझ्यात ते तेवढं नसावं.

चार दिवसांनी खूण रक्तदाब मोजायच्या यंत्राच्या रबरी फुग्यावर होती. आकडा आठशे साठ. धाकटीने तो फुगा घासून काढला, पुन्हा मोजला तर चाळीस. त्यानंतर तीन दिवसांनी ती भेटायला येणाऱ्यांच्या स्टुलाखाली सापडली. स्टूल ओढून घेताना माणूस बैठकीची कड धरतो आणि बोटं खालच्या बाजूला जातात. वरून ते स्टूल रोज पुसलं जायचं, खालून ते बनवल्यापासून कुणी पुसलं नसेल. एकोणीसशे. आणि त्या दिवशी धाकटी रजेवर होती, तिच्या जागी तळमजल्यावरची बाई आली होती. तोवर माझ्या मनात धाकटीचाच संशय होता, म्हणजे वाईट अर्थाने नाही. मला वाटत होतं की हिला ह्या जागा दिसल्या असतील, आणि सांगायची भीती वाटते म्हणून ही अशी खूण करून दाखवते. तो संशय त्या दिवशी मिटला.

मलमाची बाटली माझ्या कपाटात असते, किल्ली माझ्या पर्समध्ये. मी बाटलीवर पेनाने पातळीची रेघ मारून ठेवली. रोज वीस खुणांपुरतंच मलम कमी होत होतं. मग मी घरून ह्यांचं भिंग आणलं, घड्याळं दुरुस्त करताना ते डोळ्याला लावतात ते, आणि स्टुलाखाली वाकून ती खूण न पुसता भिंगातून पाहिली. अंगठ्याचीच होती, कडेला नखाची पुसट कोर उमटली होती. पण आत रेषा नव्हत्या. एकही नाही. ओल्या साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत अंगठा.

त्या दिवशी घरी जाऊन मी भात लावला आणि शिट्या मोजायचं विसरले. ह्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, वॉर्डातली एक गोष्ट जुळत नाही. ते म्हणाले, घड्याळात एखादा दात जुळत नसला तर आधी आपल्या भिंगावर धूळ आहे का ते बघावं. त्यांनी ते सहज म्हटलं, आणि मीही ते सहजच ऐकून सोडून दिलं.

पुढच्या सोमवारी नऊ नंबरच्या खाटेवरच्या मुलीच्या जखमेची कड लाल झाली. बावीस-तेवीस वर्षांची, अपेंडिक्सचं साधं ऑपरेशन, दोन दिवसांत घरी जायची होती. तिची आई माझ्याकडे पाहून कसनुसं हसली, कारण रोज टॉर्च घेऊन फिरणारी बाई म्हणजे कुणीतरी जाणकार असणार असं तिला वाटत होतं. सिस्टरांनी नमुना लॅबला पाठवला. अहवाल बुधवारी येणार होता. तोच जंतू निघाला तर बुधवारी संध्याकाळपर्यंत धाकटीला कमी करायचं पत्र निघणार. धाकटीला हे कुणीतरी सांगितलं होतं. त्या दिवशी नऊ नंबरची खाट तिने तीनदा पुसली, आणि चौथ्यांदा फडकं पिळायला लागली तेव्हा मीच तिला म्हटलं, पुरे.

मंगळवारी सकाळी सगळ्या खुणा पाहून झाल्या. वीसच्या वीस गेलेल्या. एकविसावी कुठेच नव्हती. मी मुद्दाम शोधली, पेनं, फुगे, स्टुलं, पडद्यांच्या कडा, औषधांच्या ट्रॉलीची चाकंसुद्धा. शेवटी नर्सच्या खोलीला लागून असलेल्या हात धुवायच्या खोलीत गेले. तिथे बेसिनवर मोठा आरसा आहे. नळ पाहायला मी टॉर्च वर केला आणि उजेड चुकून आरशावर पडून उलटा माझ्यावर आला.

आरशात माझा उजवा हात दिसत होता, हातात टॉर्च, आणि टॉर्चच्या दांड्यावर, बटणापासून जरा खाली, निळी खूण.

टॉर्च स्वतःवर उजेड पाडू शकत नाही, ही इतकी साधी गोष्ट आहे, की ती कधी विचारात येत नाही. दिव्याखाली अंधार ही म्हण मी शाळेत असताना निबंधातही लिहिली होती. मी दर खाटेला हातमोजे बदलते, काडी नवी घेते, मीटर माझ्या टेबलावरच ठेवते. पण टॉर्च एका मोज्याच्या हातातून खाली ठेवायचा, कधी उशाशी, कधी कपाटावर, कधी रुग्णाच्या पांघरुणावर, आणि नवे मोजे चढवून पुन्हा तोच उचलायचा, हे मी सहा वर्षं रोज बारा वेळा करत होते. तो पुसायची वस्तू आहे असं मला एकदाही वाटलं नव्हतं, कारण तो पाहायची वस्तू होता.

मी मीटरची काडी फिरवली. चार हजार आठशे बारा. असा आकडा मी त्या वॉर्डात कधीच पाहिला नव्हता.

मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसत गेली, आणि ती बसताना मला नको नको झालं. थोरली गेली त्याच दिवसांत मी रजेवर गेले होते. सहा आठवडे हा टॉर्च कपाटात कोरडा पडून होता. चिघळणं थांबलं होतं ते थोरली गेली म्हणून की मी गेले म्हणून, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, मीही नाही. तिच्या तीन खुणा राहत होत्या हे खरंच होतं. पण त्या तीन खुणांवर मी जो दोष उभा केला, तो माझ्याच हातात होता.

खोलीत स्पिरिटची बाटली होती. कापूस होता. पुसून टाकायला दहा सेकंद लागले असते. मी कापूस भिजवलासुद्धा. पुसलं तर उद्यापासून चिघळणं थांबेल, धाकटी गेलेली असेल, आणि पुन्हा सगळे म्हणतील, माणूस बदललं आणि थांबलं. माझी नोकरी गेली तर आमचं काय होईल, हेही मनात आलं. ह्यांची नजर आता बारीक कामाला पुरत नाही, दुकान नावालाच उघडं आहे. भिजलेल्या कापसातून स्पिरिट मनगटापर्यंत ओघळलं तेव्हा मी भानावर आले. कापूस बेसिनच्या कडेला ठेवला, लॅबची काडी काढली, टॉर्चच्या दांड्यावरून फिरवून नळीत घातली, आणि टॉर्च पिशवीत घालून पिशवी बंद केली. पण नळीवर चिठ्ठी लावायची असते, नमुना कशावरून घेतला ते लिहायचं असतं. ती जागा मी कोरी ठेवली. नळी कपाटातल्या थंड डब्यात ठेवून कुलूप घातलं.

दुपारी मी एका कागदावर सगळं लिहून काढलं. माझं अक्षर चांगलं आहे, त्या दिवशी ते फार वाईट आलं. मग मी धाकटीला विचारलं की थोरली कशी आहे, मला तिला भेटायचं आहे.

धाकटीने आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "ताई, तुम्हाला म्हणून सांगते, इथं कुणाला बोलू नका. घरात आजारी माणूस आहे कळलं तर म्हणतील हिच्या सारख्या रजा होणार."

पाच महिन्यांपूर्वी थोरलीला झटका आला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डोळे उघडे असतात, समजतं असं वाटतं, पण आवाज नाही. धाकटीच तिचं सगळं करत होती. सकाळी कामावर यायच्या आधी, संध्याकाळी गेल्यावर, आणि मधल्या वेळात शेजारची बाई डोकावून जायची.

चारला तिची पाळी सुटली आणि मी तिच्याबरोबर गेले. दोन बस बदलून, पुढे एका लांबट इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांची खोली होती. खोली अशी स्वच्छ होती की मी आयुष्यात पहिल्यांदा दाराच्या मुठीकडे पाहिलं नाही. खिडकीशी पलंग, पलंगावर थोरली. इतकी मोठी बाई इतकी लहान कशी झाली, कळेना. तिने माझ्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही ते मी सांगू शकत नाही, पण तिने नजर काढून घेतली नाही.

धाकटीने आल्या आल्या कोमट पाणी आणलं आणि जावेचे हात पुसायला घेतले. डावा झाला, उजवा घेतला. उजवा हात चादरीवर ठेवला होता तसाच पडलेला होता. बोटं पुसता पुसता ती आपल्याच तंद्रीत म्हणाली, की काय लागतं कोण जाणे, ह्या एका अंगठ्याला दोनेक आठवडे झाले, रोज चिकट असतो. पुसला की जातो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच. शेजारणीला विचारलं, ती म्हणे मी तर हिला पाण्याशिवाय काही लावत नाही.

मी मनात म्हटलं, धाकटीच्याच हातांवरून मलम घरी येत असेल. वॉर्डात ती दिवसभर माझ्या खुणा पुसते, तिच्या हाताला लागत असेल, आणि तेच हात इथे. हे अगदी शक्य आहे. अजूनही मी स्वतःला तेच सांगते. फक्त ती दोन्ही हातांनी दोन्ही हात पुसत होती, आणि चिकट एकच अंगठा होता.

धाकटी औषध आणायला खाली गेली. दुकान कोपऱ्यावर होतं, तिला वीस मिनिटं लागणार होती. मी पलंगाजवळ बसले, पर्समधून कागद काढला आणि थोरलीला वाचून दाखवला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. टॉर्च कुठे कुठे ठेवत होते, आकडा किती आला, माझी रजा कधी होती, तिला कमी केलं ते कोणत्या तारखेला. शेवटी लिहिलं होतं की चूक माझी आहे, थोरलीची नव्हती, धाकटीची नाही. ते वाक्य वाचताना माझा आवाज गेला, म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ती ऐकत होती. तिच्या तोंडाची डावी कड जराशी हलली, उजवी नाही. मी तिचा उजवा हात हातात घेतला. तो जड होता आणि गार होता, आणि बोटांच्या टोकांना खरंच एकही रेष नव्हती. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. धाकटी जिना चढून येईपर्यंत मी तो हात सोडला नाही.

घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. म्हणजे टॉर्चचं सांगितलं. अंगठ्याचं सांगितलं नाही. त्यांनी ताटावरचा हात थांबवला, आणि म्हणाले की दे कागद, शिकायला एवढी वर्षं लागली तर लागली. त्या रात्री मला शांत झोप लागली, ह्याचं मला अजून नवल वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मी नळीवरची चिठ्ठी भरली आणि नळी व कागद दोन्ही सिस्टरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी कागद उघडला नाही. म्हणाल्या, धाकटीचं पत्र मी कालच थांबवायला सांगितलं आहे, आणि तुमचा नवा टॉर्च स्टोअरमधून मागवला आहे, दर खाटेला पुसायचा. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? त्या औषधांच्या यादीवर खुणा करत होत्या, त्यांनी वरही पाहिलं नाही. काल संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी वॉर्डाच्या फोनवर थोरलीचा फोन आला होता, त्या म्हणाल्या. बाई उद्या टॉर्चचा कागद घेऊन येतील, त्यांच्यावर रागावू नका, असं सांगत होती, आणि आवाज अगदी पूर्वीसारखाच ठणठणीत होता.